चर खणून झाले, आता बोअरचं बोलूया

उन्हाळा तापला की सोशल मीडियावर टिकाव-फावड्यांचे फोटो सुरू होतात. पावसाचं पाणी अडवायला चर खणण्यासाठी शहरातून गाड्या भरून गेलेली तरुण मंडळी, डोक्याला रुमाल, हातात घमेलं, मागे उघडाबोडका डोंगर. मला ते फोटो आवडतात, त्यातल्या काहींत मीही आहे. श्रमदानाला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. भर उन्हात मुरमावर टिकाव मारल्याशिवाय मुरूम म्हणजे काय चीज आहे ते कळत नाही, आणि ते कळलेलं बरं असतं. पण या सगळ्या उत्साहात एक विषय हमखास टाळला जातो. चर, बंधारे, नाला खोलीकरण ही पाणलोटाच्या (म्हणजे ज्या भागातलं पाणी एका ओढ्याकडे उतरतं त्या सगळ्या क्षेत्राच्या) कामातली त्यातल्या त्यात सोपी बाजू आहे. अवघड काम पावसाळा संपल्यावर ग्रामसभेत सुरू होतं: अडवलेलं पाणी कोण उपसणार, किती उपसणार आणि कुणी उपसायचं नाही?

सोपी म्हटलं म्हणजे कशीही केली तरी चालते असं नव्हे. काम माथ्याकडून पायथ्याकडे यायला हवं. वर डोंगरउतारावर सलग समतल चर, म्हणजे एकाच पातळीत खणलेले लांब खड्डे, खाली ओघळींत अनगड दगडी बांध, मग तारेच्या जाळीत दगड भरलेले गॅबियन बंधारे, त्याखाली माती नालाबांध आणि अगदी शेवटी सिमेंटचा बंधारा. पाण्याचा वेग वरच मोडला नाही तर सगळी माती घेऊन ते खाली येतं आणि लाखो रुपयांचा बंधारा काही पावसाळ्यांत गाळाने भरतो. तरी बहुतेक ठिकाणी आधी बंधाराच बांधला जातो. बंधाऱ्याचं उद्घाटन करता येतं, फीत कापता येते. चराची फीत कोण कापणार!

चराची आखणी बघण्यासारखी असते. दोन लाकडी पाय, मधे आडवी पट्टी, वरच्या टोकाला बांधलेला ओळंबा, अशी ए-फ्रेम. ओळंब्याची दोरी पट्टीवरच्या मधल्या खुणेवर स्थिर झाली की दोन्ही पाय एका पातळीत आले. तिथे चुन्याची फक्की टाकून खूण करायची, एक पाय जागेवर ठेवून दुसरा पुढे फिरवायचा, पुन्हा दोरी थांबायची वाट बघायची. वारा असला की दोरी लवकर थांबत नाही आणि मागे टिकाव घेऊन उभे असलेले लोक वैतागतात. "चालतंय हो ताई, एवढ्या तेवढ्यानं काय होतंय!" होतं. चराला जरा जरी उतार राहिला तर पाणी मुरायच्या ऐवजी एका टोकाला धावतं, तिथला काठ फोडतं आणि खाली नवी घळ पाडतं. चर साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल. निघालेली माती खालच्या अंगाला रचायची आणि पहिल्या पावसाआधी तिच्यावर गवताचं बी टाकायचं, नाहीतर तीच माती पुढे नाल्यात. हे गावोगावच्या लोकांना पद्धतशीर शिकवलं गेलं, ही पाणी अडवायचं प्रशिक्षण देणाऱ्या पानी फाउंडेशन या संस्थेची मला सगळ्यात मोठी कमाई वाटते. २०१६ साली वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई अशा तीन तालुक्यांत त्यांची गावागावांतली वॉटर कप स्पर्धा सुरू झाली आणि इंजिनिअरची वाट न बघता बाया-माणसं स्वतः डोंगर आखायला लागली. फक्त स्पर्धा म्हटलं की तिला शेवटची तारीख असते, आणि पाण्याचं भांडण नेमकं त्या तारखेनंतर लागतं.

थोडं गणित करू. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. १,००० हेक्टरचं शिवार आणि ४०० मिलिमीटर पाऊस धरला तर ४०० कोटी लिटर. आकडा ऐकून दुष्काळी गावातही लोकांचे डोळे चमकतात. पण यातलं बरंच पाणी उन्हाने उडतं, काही मातीत ओल म्हणून राहतं आणि पिकं वापरतात, काही कितीही अडवा तरी वाहून जातं. जे मुरतं ते राहतं कुठे? राज्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. या दगडात वाळूच्या थरासारखं पाणी साठत नाही. वरचा झिजलेला मुरूम, दोन थरांमधल्या फटी आणि भेगा एवढीच काय ती जागा. म्हणून आपल्याकडच्या विहिरी चांगल्या पावसात झरझर भरतात आणि उपसा वाढला की तशाच झरझर बसतात. माझ्या बांधावर मुरलेलं पाणी तुमच्या बोअरमधून निघतं आणि कायद्याच्या कागदावर काहीही असलं तरी ज्याची मोटर मोठी त्याचं पाणी असाच व्यवहार चालतो.

कायदा आहे, हेही सांगून टाकते. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ चा, राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर २०१४ मध्ये लागू झाला. शेतीसाठी आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर किंवा बोअर घ्यायला त्यात मनाई आहे. रात्री बोअरची गाडी लावून ३००-४०० फूट खाली जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल? ६० मीटर म्हणजे दोनशे फुटांच्या आत, बरं का.

एका गावात चरांचं काम छान झालं होतं. पाऊसही बरा झाला, विहिरी काठोकाठ आल्या. बैठकीत मी पिकांचा आणि बोअरच्या उपशाचा विषय काढला, तेव्हा ज्यांनी श्रमदानात सगळ्यांत पुढे राहून काम केलं होतं ते नाना म्हणाले, "ताई, खणायला कधीबी बोलवा, रात्री बाराला येतो. पर बोअरचं तेवढं काढू नका. त्यात भावकी फुटती." मला त्यांचा राग आला नाही. खरं तेच बोलले. खणण्याने माणसं जोडली जातात, वाटपाने तुटायची भीती असते. म्हणून सगळे पुन्हा खणायलाच जातात.

आणि तरीही हे अवघड काम करून दाखवलेली माणसं याच मातीत होऊन गेली. विलासराव साळुंखे पुण्याचे इंजिनिअर आणि उद्योजक. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात लोक रोजगार हमीची खडी फोडताना त्यांनी पाहिले आणि नायगावला देवस्थानची माळरानाची जमीन घेऊन काम सुरू केलं. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही वाचले तर दचकायला होतं. पाणी जमिनीच्या आकारावर नाही, घरातल्या माणसांवर. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा हिस्सा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस लावायचा नाही. खर्चाचा वाटा लाभधारकांनी स्वतः उचलायचा. मला विचाराल तर गेल्या पन्नास वर्षांत पाण्याबद्दल महाराष्ट्रात यापेक्षा धाडसी काही सुचलेलं नाही. साळुंखे २००२ साली गेले. त्यांचं नाव घेणारे पुष्कळ आहेत, भूमिहीनाला पाण्याचा हिस्सा देणारी सरकारी योजना कुठे आहे ती दाखवा.

सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बळीराजा धरण आहे. नदीतली वाळू ठेकेदार ओरबाडून नेत होते. मुक्ती संघर्ष या चळवळीच्या लोकांनी त्याविरुद्ध लढा दिला, थोडी वाळू स्वतः विकली आणि त्या पैशातून, श्रमदानातून हे छोटं धरण उभं केलं. पाणी सगळ्या घरांना, भूमिहीनांना धरून, आणि ऊस नाही. वाळू ही नदीची पाणी धरून ठेवणारी गादी असते. ती उचलून नेल्यावर वर कितीही चर खणा, पात्र कोरडंच राहतं. हे त्या लोकांना ऐंशीच्या दशकात कळलं होतं.

अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाचं नाव तर सगळ्यांच्या तोंडी आहे. बस भरून लोक बघायला जातात, झाडं आणि स्वच्छ रस्ते बघून येतात. पोपटराव पवारांच्या गावातली खरी बघण्याची गोष्ट रस्त्यावर नसतेच. ती म्हणजे दर वर्षी पाऊस मोजून मांडलेला पाण्याचा ताळेबंद. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी, मग बाकीचं, आणि उरलेल्यात कोणती पिकं घ्यायची ते. पाऊस कमी झाला तर रब्बीला कात्री. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. हे पाहुण्यांना दिसत नाही, आणि दिसलं तरी आपल्या गावी जाऊन सांगायची हिंमत होत नाही.

उलट उदाहरणं भरपूर. पाणी अडवण्याच्या सरकारी जलयुक्त शिवार अभियानावर ९,६०० कोटींहून जास्त खर्च झाला आणि २०२० मध्ये सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगने सांगितलं की पाण्याची गरज भागवायला आणि भूजल वाढवायला त्याचा फारसा उपयोग झाला नाही. या अहवालावर राजकारण व्हायचं ते झालं. मी एवढंच म्हणेन की पोकलेनने नाला सरसकट खोल-रुंद करत सुटणं म्हणजे पाणलोट विकास नव्हे. खालचा मुरूम फोडून पाषाणापर्यंत गेलात तर जिथून पाणी मुरायचं ती जागाच तुम्ही काढून टाकली. शेततळ्यांचं तसंच. शेततळं पावसाचं वाहतं पाणी धरण्यासाठी होतं. आता प्लास्टिकचा कागद अंथरून त्यात विहिरीचं, बोअरचं पाणी भरून ठेवतात. सगळ्यांचं जमिनीतलं पाणी उपसून एकाच्या तळ्यात, आणि तिथून बरंचसं उन्हाने हवेत. वर त्याला अनुदान.

आणखी एक गोष्ट फोटोत येत नाही. चराईबंदी केल्याशिवाय डोंगरावर गवत येत नाही हे खरं. पण बंदीचा भार कुणावर पडतो? चार शेळ्या असलेल्या भूमिहीन बाईवर. तिने डोंगर सोडला म्हणून पाणी मुरलं, आणि मुरलेलं पाणी निघालं ते विहीर असलेल्याच्या शेतात, द्राक्षाला. निदान पहिली काही वर्षं कापून नेण्याच्या गवतावर पहिला हक्क तिचा, एवढं तरी ठरवता येतं. मी अशा बैठका पाहिल्यात जिथे हे एका बाईने बोलायचं धाडस केलं आणि सरपंचांनी चहा मागवून विषय बदलला.

शिवाय नदी एका गावाची नसते. वरच्या गावाने थेंब न् थेंब अडवला की खालच्या गावाच्या बंधाऱ्यात काय येणार? राजस्थानात अरवरी नदीकाठच्या ७०च्या आसपास गावांनी नदीची संसद भरवली, पिकांचे आणि उपशाचे नियम मिळून केले. आपल्याकडे शेजारच्या दोन ग्रामपंचायती एका टेबलावर बसवायच्या म्हटलं तरी तालुक्याचं राजकारण मधे येतं. भूजल यंत्रणेने पाणलोट क्षेत्रं नकाशावर आखलेली आहेत, मतदारसंघ मात्र वेगळ्या रेषांनी चालतात.

यंदाही बोलावणी येतील आणि मी जाणार आहे. फक्त जायच्या आधी दोन प्रश्न विचारणार आहे. गावात पर्जन्यमापक आहे का, आणि ऑक्टोबरात विहिरींची पातळी मोजून वहीत कोण लिहितं? वही असेल तर फावडं घेऊन येते. नसेल तर आधी वही घेऊन येते, आणि नानांसारख्यांना शेजारी बसवून पहिला आकडा त्यांच्याच बोअरचा लिहायला सांगते.