प्लॅस्टिकमधला वेताळ

दुपारपासून डोकं तापलंय. लिहून टाकते, नाहीतर झोप लागायची नाही.

भाच्याला घेऊन जुन्या पुस्तकांच्या प्रदर्शनाला गेले होते. तेरा वर्षांचा आहे, सुपरहिरोंचं भारी वेड. म्हटलं चल, तुला आमच्या वेळचं काहीतरी दाखवते. फिरत फिरत शेवटच्या रांगेत आलो आणि एका टेबलावर इंद्रजाल कॉमिक्स! मराठी! प्रत्येक अंक जाड प्लॅस्टिकच्या पाकिटात, वरून चिकटपट्टी, कोपऱ्यात किमतीचं स्टिकर. आणि त्यात तो अंक. मी लांबूनच ओळखला. काळं पाणी, चाच्यांचं जहाज, डोलकाठीला बांधलेला वेताळ. विक्रमाचा नव्हे, कॉमिक्समधला, इंग्रजीतला फँटम, जंगलात राहणारा मुखवट्यातला नायक. बेचाळीस वर्षांहून जास्त काळ मी हा अंक शोधतेय.

त्या माणसाला म्हटलं, "जरा उघडून दाखवता का? शेवटचं पान फक्त बघायचंय."

तो म्हणाला, "मॅडम, हे वाचायला नाहीये. कलेक्टर्स आयटम आहे. पाकीट उघडलं की किंमत पडते."

वाचायला नाहीये!

किंमत होती १८०० रुपये. मी म्हटलं, घेतला तर उघडेन ना मी? तर म्हणे, तुमची मर्जी, पण मग परत विकायला आणू नका. आणि बाजूला उभा असलेला एक जण मला समजावतोय की ताई, ही इन्व्हेस्टमेंट आहे. अहो, कसली इन्व्हेस्टमेंट? दहा पैशांत चाळीतल्या वीस पोरांनी वाचलेली गोष्ट आहे ती!

दहा पैशांचं सांगते.

मे १९८२. लालबागची आमची चाळ. जानेवारीच्या १८ तारखेला गिरण्यांचा संप सुरू झालेला, बाबा चार महिने घरी बसून शेवटी गावाला शेतावर निघून गेले. मुंबईत आई, आजी, दादा आणि मी. एरवी मे महिन्यात आम्हीही गावी जायचो, त्या वर्षी एसटीच्या तिकिटाचे पैसे नव्हते. मग दादाने गॅलरीत वाचनालय काढलं. कपड्यांची दोरी, तिच्यावर चिमट्यांनी लटकवलेली कॉमिक्स. बसून वाचायचं, घरी न्यायचं नाही, अंकाला दहा पैसे. आमचे स्वतःचे अंक सातच होते, बाकीचे मित्रांकडून आणलेले, ज्याचा अंक त्याला फुकट वाचन. दुपारी गॅलरीत पोरं ओळीने पाठ टेकून बसलेली असायची आणि आवाज यायचा तो फक्त पानं उलटल्याचा.

या सातांतला एक होता तो चाच्यांचा.

त्याच महिन्यात आईने कागदी पुड्या करून द्यायला सुरुवात केली होती. चणे-फुटाणेवाल्याला लागतात त्या. रात्री कंदिलाएवढ्या मिणमिणत्या बल्बखाली ती आणि आजी रद्दी कापायच्या, भाताच्या खळीने चिकटवायच्या. आणि एका रात्री त्या गठ्ठ्यात आमच्या अंकाचा एक ताव गेला. ज्यांनी पिनांची कॉमिक्स हाताळलीत त्यांना कळेल, मधल्या पिनेमुळे आतलं पहिलं पान गेलं की शेवटचंही जातं, दोन्ही एकाच तावाची. मुखपृष्ठ राहिलं आणि गोष्टीचं पहिलं आणि शेवटचं पान गेलं. पहिल्या पानाचं काही वाटलं नाही. पण गोष्ट थांबली कुठे? वेताळ जहाजाच्या तळाशी बांधलेला, पाणी छातीपर्यंत आलेलं आणि वर चाचे हसताहेत. पुढे काहीच नाही.

मी तो अंक त्याआधी वाचलाच नव्हता. दादाने वाचला होता, पण त्याला शेवट आठवेना.

महिनाभर मी आईशी धड बोलले नाही. हे आज लिहिताना हात अडखळतोय. दहा वर्षांची होते, पुड्यांच्या त्या पैशांतून घरात तांदूळ येत होता हे मला दिसत नव्हतं. मला दिसत होतं ते फक्त पाण्यात बुडणारं माणूस.

असो. मूळ मुद्दा राहतोय.

प्रदर्शनातून बाहेर पडताना भाचा विचारतो, "मावशी, हा बॅटमॅनची कॉपी आहे का?" त्याच्यावर नाही चिडले, त्याची काय चूक? पण तुम्ही माझे मित्रमैत्रिणी, तुमच्या पोरांनी हाच प्रश्न विचारला तर खाली मान घालू नका. वेताळाचा निर्माता ली फॉक, त्याने वेताळ आणला १९३६ च्या फेब्रुवारीत. सुपरमॅन आला १९३८ ला, बॅटमॅन १९३९ ला. अंगाला घट्ट बसणारा पोशाख, डोळ्यांवर मुखवटा आणि मुखवट्यात बुबुळं नसलेले पांढरे डोळे, हे आपल्या वेताळाचं! ग्रीक पुतळ्यांच्या डोळ्यांत बुबुळं नसतात त्यावरून सुचलं, असं फॉक सांगायचा. आज पडद्यावर ज्या ज्या नायकाचे डोळे मुखवट्यात पांढरे चमकतात, त्याने आधी वेताळाच्या घरी, कवटीच्या गुहेत, जाऊन नमस्कार करावा.

आणि ते मराठी नाव! इंग्रजीतला 'फँटम' तसाच ठेवला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही, त्याला वेताळ केलं. हे नाव ज्याला सुचलं त्याचे पाय धरावेत. आमच्या आजीचं माहेर आरवलीचं, वेंगुर्ले तालुक्यातलं. तिथला ग्रामदेव वेतोबा. नवसाला त्याला केळ्यांचा घड वाहतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला. रात्री वेतोबा गावाच्या राखणीला फिरतो आणि चालून चालून त्या चपला झिजतात, अशी तिकडची श्रद्धा. आजीला अक्षर वाचता येत नव्हतं. एका दुपारी तिने दोरीवरचा अंक काढला, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाली, "अगो, हो तर आमचो वेतोबा! पण पायात बूट कित्याक?"

मग तिला सगळं सांगितलं. जंगलात राहतो, रात्री फिरतो, लोकांना वाटतं हा मरतच नाही. खरं म्हणजे बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो. १५३६ पासून हे चाललंय आणि आत्ताचा एकविसावा. उजव्या हातातल्या अंगठीवर कवटी, ती गुंडाच्या जबड्यावर उमटते आणि जन्मभर जात नाही. डाव्या हातातल्या अंगठीची खूण ज्याच्या दारावर, त्याच्या केसाला कुणी धक्का लावायचा नाही. आजीने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली. तिला त्यात नवीन काहीच वाटलं नाही. राखणदार असतोच, एवढंच तिचं म्हणणं.

ली फॉकला आरवली कुठे ठाऊक असणार! पण लालबागच्या चाळीत तो आणि आमची आजी एकाच देवाबद्दल बोलत होते, हे कुणी मला खोटं ठरवून दाखवावं.

या वेताळाला जगभर लोकांनी आपापल्या रंगात रंगवलंय. फॉकच्या मनात पोशाख करडा होता, रविवारच्या रंगीत पानात तो जांभळा छापून आला आणि जांभळाच राहिला. स्वीडनमध्ये तो निळा, इटलीत लाल. आपल्याकडे बंगाला हे नाव बंगालसारखं वाटतं म्हणून वेताळाच्या देशाचं डेंकाली झालं, त्याचे वैरी असलेल्या सिंग चाच्यांचे सिंगा झाले. प्रत्येकाने त्याला थोडं थोडं आपलं केलं. आपण नाव दिलं आणि मला विचाराल तर सगळ्यात मोठी देणगी आपलीच.

हो, मला माहीत आहे, गोरा माणूस आफ्रिकेच्या जंगलात सिंहासनावर बसतो आणि तिथले लोक त्याच्यापुढे झुकतात, हे आज वाचताना टोचतं. टोचायलाच हवं. दहाव्या वर्षी नाही टोचलं.

आणि वेताळावरच्या १९९६ च्या त्या 'द फँटम' सिनेमाला हसणाऱ्यांशी माझं अजून भांडण आहे. पडला सिनेमा, कबूल. पण बिली झेनने तो जांभळा पोशाख घातला आणि एका दृश्यातसुद्धा तो त्याला लाजला नाही. डोळा मारून प्रेक्षकांना "काय बावळटपणा आहे ना" असं सुचवलं नाही. थायलंडमधलं जंगल, पांढरा घोडा, लांडगा, सगळं मनापासून. मी केबलवर पाहिला, रात्री उशिरा, एकटीने, आणि तो कवटीच्या गुहेत शिरला तेव्हा रडले. आताच्या सिनेमांत हजार पट तंत्र आहे, पण दर दोन मिनिटांनी कुणीतरी स्वतःच्याच पोशाखावर विनोद करतं. कशासाठी? आवडतं तर आवडतं म्हणा ना सरळ!

परत त्या पाकिटाकडे येते, कारण राग तिथेच आहे.

इंद्रजाल सुरू झालं १९६४ मध्ये, बंद पडलं १९९० मध्ये. सव्वीस वर्षं. वेताळ, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन आणि १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर, आपल्या मातीतला, कुर्ता आणि जीन्समधला. हे सगळं आपण मराठीत वाचलंय. माझ्या पिढीतल्या किती जणांना "धडाड", "आऽऽह" आणि "कोण आहे तिकडे?" ही भाषा त्या फुग्यांमधून मिळाली! आज जे पोरगं कॉमिक्सबद्दल बोलतं ते इंग्रजीतच बोलतं, जणू हे वेड मराठीत कधी नव्हतंच. आणि होतं याचा जो पुरावा उरलाय तो प्लॅस्टिकमध्ये. वाचायला नाही.

त्या माणसांनी जपलं म्हणून तरी अंक उरला, हेही खरं. आम्ही तर पुड्या केल्या. बरं, मान्य. पण जपलं कशासाठी? उघडलं की किंमत पडते, असं गोष्टीच्या बाबतीत कसं म्हणवतं कुणाला? आमच्या अंकांच्या पानांचे कोपरे दुमडून दुमडून गोल झाले होते, एकावर आमरसाचा डाग होता, एकावर शेजारच्या पोराने वेताळाला मिशा काढल्या होत्या. मिशा काढणाऱ्याला दादाने आठवडाभर वाचनालयात येऊ दिलं नव्हतं. पण अंक दोरीवरून काढला नाही. मिशांसकट टांगला.

आणि शेवटचं पान मी लिहिलं. चौकटीच्या वहीचं पान फाडून, निळ्या पेनाने. सहा चौकटी आखल्या. वेताळाचा जंगलातला जिवलग दोस्त गुर्रन पाण्याखालून पोहत येतो, दोर कापतो, वेताळ वर येऊन चाच्यांच्या म्होरक्याच्या जबड्यावर ठोसा मारतो, कवटी उमटते. शेवटच्या चौकटीत वेताळ घोड्यावर, पाठमोरा, कारण चेहरा मला जमत नव्हता. खाली लिहिलं, "जंगलातली जुनी म्हण: वेताळ बुडत नाही." आईचीच खळ घेऊन चिकटवलं. पोरं वाचायची आणि शेवटच्या पानावर आली की माझ्याकडे बघायची. एकाने दहा पैसे परत मागितले. बाकी कुणी मागितले नाहीत.

आज त्या टेबलासमोर उभी होते तेव्हा मला एवढंच बघायचं होतं. खरंच गुर्रन येतो का? की वेताळ स्वतःच सुटतो? १८०० रुपये पर्समध्ये होते. दिले नाहीत. त्याला ते पाकीट उघडायला लावणं आणि वर त्याने कपाळाला आठ्या घालून बघत राहणं, मला सहन झालं नसतं. आता रात्री वाटतंय, द्यायला हवे होते.

मघाशी आईला फोन केला. ऐंशी पूर्ण झालीय. सगळं सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "तू तेव्हा जेवायची नाहीस नीट. मी दुसऱ्या दिवशी त्या फुटाणेवाल्याकडे गेले होते गं, पान शोधायला. पुड्या सगळ्या गेल्या होत्या."

हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं.

तर मंडळी, कुणाकडे असेल तर बघा. मराठी इंद्रजाल, १९८२ च्या आधीचा अंक, मुखपृष्ठावर डोलकाठीला बांधलेला वेताळ आणि मागे काळं पाणी. माळ्यावर, गावच्या घरी, ट्रंकेत, कुठेही. विकत नको, अंकही नको. शेवटच्या पानाचा फोटो काढून पाठवा. रविवारी आईकडे जाणार आहे, तिला वाचून दाखवायचाय.