मानेवरची चरबी बिब्ब्याने वितळत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मानेभोवती, खांद्यावर मऊ गाठी आल्या तर ती नुसती चरबी. जेवण कमी करा, बिब्बा लावा, ४० दिवसांत विरघळते. दारू सोडली की उरलेलीही जाते. पायाच्या मुंग्या मात्र वयाच्या.

'नुसती चरबी' हेच आधी चूक. साध्या चरबीच्या गाठीला आवरण असतं, ती ऑपरेशनने अख्खी निघते. दोन्ही बाजूंना सारखी वाढणारी चरबी माडेलुंगच्या दुर्मिळ आजाराची असू शकते. जर्मन शल्यचिकित्सक ओटो माडेलुंग यांनी १८८८ मध्ये असे ३३ रुग्ण नोंदवले. या चरबीला आवरण नसतं, ती स्नायू-रक्तवाहिन्यांमध्ये शिरते. म्हणून उपाशी राहून हातपाय वाळतात, मान तशीच राहते. शस्त्रक्रियेनंतरही ती पुन्हा वाढू शकते.

मुंग्यांचं विधान सगळ्यात घातक. या आजारात अनेकांच्या नसाही खराब होतात: तळव्यांची जळजळ, बधिरपणा, चप्पल पायातून निसटलेली न कळणं, अंधारात तोल जाणं. अशा पायाला बिब्बा लावला किंवा कढत पाण्याचा शेक दिला तर भाजलेलं कळतच नाही. पाणी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी कोपराने तपासावं. उसाच्या फडात अनवाणी जाऊ नये, रोज रात्री तळवे बघावेत. बधिरपणा मधुमेह, बी-१२ ची कमतरता किंवा कुष्ठरोगानेही येतो, आणि ही कारणं कितीतरी जास्त आढळतात. म्हणून डॉक्टरांना गाठ आणि पाय दोन्ही दाखवा. साखर, बी-१२, थायरॉइड, लिव्हरच्या तपासण्या आणि नसांची एनसीव्ही (नसांतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी) करायची का ते विचारा.

दारूचं अर्धं खरं आहे. बहुतेक रुग्ण वर्षानुवर्षं पिणारे पुरुष असतात, पण न पिणाऱ्यांनाही, काही घराण्यांत जनुकीय दोषामुळे, हा आजार होतो. तेव्हा गाठ दिसली की माणसाला बेवडा ठरवू नका. दारू सोडली म्हणून आधी जमलेली चरबी सहसा जात नाही; तरी नसा आणि लिव्हरसाठी सोडायलाच हवी. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात बंद केली तर फिट येऊ शकते, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

घोट गिळताना वरखाली होणारी गाठ बहुधा थायरॉइडची. एकाच बाजूची, कडक, भराभर वाढणारी असेल तर थांबू नका. घास अडकत असेल, उताणं झोपल्यावर दम लागत असेल, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना मानेतली चरबी आधीच सांगा. श्वासनलिकेत नळी घालणं अवघड जाऊ शकतं.