मोडेन, पण अर्धं बिस्किट खाणार नाही

डाएट करायचं ठरवलंत? अभिनंदन. फक्त आजपासून सुरू करू नका. आठवड्याच्या मधेच सुरू केलं तर त्याला डाएट कोण म्हणेल? ती नुसती चांगली सवय. सोमवारपर्यंत थांबा, आणि रविवारी रात्री जगातलं अन्न उद्या संपणार असल्यासारखं जेवून घ्या. निरोप द्यायचा तर रीतसर द्यावा.

सोमवारी उठल्या उठल्या नवी कोरी वही घ्या आणि नियम लिहा. साखर बंद, तळलेलं बंद, बाहेरचं बंद, संध्याकाळी सातनंतर तोंड बंद. ‘कमी’ हा शब्द वहीत चुकूनही येता कामा नये. कमी खाणं लेच्यापेच्यांसाठी असतं. माझ्या वहीत सव्वीस नियम होते. सव्विसावा होता, ‘वरचे पंचवीस विसरायचे नाहीत.’

मग वजनकाटा. रोज सकाळी तर उभं राहायचंच, जमल्यास रात्रीही. शरीर ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, साठवतं तेव्हा त्याच्या दर ग्रॅममागे साधारण 3 ग्रॅम पाणी धरून ठेवतं. पहिल्या आठवड्यात वजन भराभर उतरतं त्यात बराचसा वाटा या पाण्याचा असतो, आणि एका दिवसात किलोभर इकडेतिकडे होतं तेही बहुतेक पाण्यामुळेच. ही माहिती वाचलीत ना? आता विसरा. आकडा उतरला तर ते तुमचं कर्तृत्व, चढला तर तुमच्या चारित्र्यात खोट.

काट्यावर उभं राहण्याचंही एक तंत्र आहे. आधी चष्मा काढायचा, तेवढंच वजन कमी. आकडा दिसत नाही म्हणून तो पुन्हा घालायचा. मग श्वास पूर्ण सोडून, पोट आत घेऊन, अलगद पाय टेकायचे. मी काटा दारापासून उचलून खिडकीखालच्या फरशीवर नेऊन पाहिला आहे. तिथे दोनशे ग्रॅम कमी भरतात. माझं डाएट बरेच दिवस त्या एका फरशीवर उत्तम चाललं होतं.

आता खरी परीक्षा. गुरुवारी दुपारी चार वाजता कोणीतरी बशी पुढे करतं आणि तुम्ही एक बिस्किट खाता. सामान्य माणूस काय करेल? एक खाल्लं म्हणेल, चहा संपवेल आणि कामाला लागेल. आपण सामान्य नाही. एका बिस्किटात साधारण पन्नास-साठ कॅलरी आणि किलोभर चरबीत 7700 च्या आसपास, म्हणजे त्या बिस्किटानं चढलीच तर सात-आठ ग्रॅम चरबी चढेल. एवढ्याशासाठी कसला पश्चात्ताप करायचा? पश्चात्तापाला शोभेल इतकं तरी खाल्लं पाहिजे. पुडा संपवा. आणि एवीतेवी दिवस गेलाच आहे, तर रात्रीचंही उरकून घ्या. सोमवार कुठे पळून चाललाय?

या परंपरेत तुम्ही एकटे नाही. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांचा 1975 सालचा एक प्रयोग आहे. आधी मिल्कशेक पाजला आणि मग चव घेण्याच्या निमित्तानं हवं तितकं आइस्क्रीम पुढे ठेवलं. खाण्यावर बंधनं न घालणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलं होतं, दुसरं काय! मोजूनमापून खाणाऱ्यांनी मात्र मिल्कशेक प्यायल्यावर उलट जास्तच खाल्लं. नियम मोडलाच होता, मग खड्ड्यात गेलं डाएट.

एका गोष्टीपासून मात्र जपून राहा. 2007 साली क्लेअर अ‍ॅडम्स आणि मार्क लिअरी यांनी अशाच बंधनवाल्या मंडळींना डोनट खायला दिला, आणि त्यातल्या काही जणींना सांगितलं की असं सगळ्यांचंच होतं, स्वतःला फार बोल लावू नका. झालं! त्यांनी नंतर समोर आलेल्या गोळ्या-चॉकलेटांवर इतरांसारखा ताव मारलाच नाही. दोन गोड शब्दांनी एवढा चांगला पश्चात्ताप वाया गेला. म्हणून स्वतःशी बोलताना आवाज कायम फौजदाराचा ठेवा. हेच मैत्रिणीच्या हातून झालं असतं तर तुम्ही ‘अगं, असू दे’ म्हणाला असता, पण ती मैत्रीण आहे. स्वतःशी इतकी सलगी बरी नव्हे.

माझी मावसबहीण हे काहीच पाळत नाही. परवा आली होती. केकचा तुकडा घेतला, खुर्चीत नीट बसून, गप्पा मारत अर्धा खाल्ला आणि बशी बाजूला ठेवली. मी विचारलं, “डाएट सोडलंस वाटतं?” तर म्हणाली, “नाही गं, चालू आहे की. चार वर्षं झाली.” चार वर्षं! आणि साधी वहीसुद्धा नाही हिच्याकडे.

उरलेला अर्धा तुकडा तिनं माझ्याकडे सरकवला. मी बाणेदारपणे नाही म्हटलं. ती गेल्यावर दिवा न लावता, ओट्याशी उभं राहून खाल्ला. उभ्यानं खाल्लेलं धरत नाहीत. वहीत तसा सत्ताविसावा नियम लगेच लिहून टाकला आहे.