प्रवाळावरचा नांगर

परवा मालवणला किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग केलं. मास्क लावून डोकं पाण्यात घातलं तर पहिलं काय दिसावं, बिस्किटाचा लगदा! मासे जमावेत म्हणून टाकतात म्हणे. पट्टेरी माशांची झुंबड उडाली, पब्लिक खूश. शेजारी एक दादा गोप्रो घेऊन चक्क प्रवाळावर उभे, आणि आमच्याच होडीचा नांगर खाली खडपात. हे सगळं सागरी अभयारण्यात बरं का, १९८७ ला जाहीर झालेल्या.

घरी येऊन ग्रुपवर लिहिलं तर लगेच एकाचं सुरू, पाणी तापलं की प्रवाळ मरणारच, अभयारण्य करून काय उपयोग. अर्धं खरंय त्याचं. प्रवाळाच्या आत बारीक शेवाळ राहतं, तेच त्याला जेवू घालतं आणि रंगही देतं. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीपेक्षा एखाद अंशाने जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की प्रवाळ या भाडेकरूला बाहेर काढतं, पांढरं पडतं आणि उपाशी राहतं. ऑस्ट्रेलियाने २००४ ला ग्रेट बॅरियर रीफच्या (रीफ म्हणजे प्रवाळाचा खडक) एक तृतीयांश भागात मासेमारी बंद केली, तरी २०१६ ला सगळ्यात जास्त होरपळला तो उत्तरेचा, माणसांपासून लांबचा भाग. उष्णता काय अभयारण्याचा बोर्ड वाचून येत नाही.

पण खरी गंमत नंतर असते. मेलेल्या प्रवाळावर दुसरंच शेवाळ माजतं, ते खरवडून खाणारे पोपट मासे वगैरे असतील तरच प्रवाळाच्या नव्या पिल्लांना चिकटायला जागा मिळते. लक्षद्वीपला १९९८ ला प्रचंड प्रवाळ मेलं, तरी बऱ्याच ठिकाणी परत आलं, कारण तिथले लोक गळाने भर समुद्रातला ट्यूना धरतात, रीफवरचे मासे शिल्लक होते. म्हणजे बोर्ड नव्हता, पण काम झालं! (अर्थात नंतर २०१०, २०१६ ला परत तापलं, सावरायला वेळच कुठे मिळतोय.)

आमच्याकडे उलटं, बोर्ड आहे, काम नाही. आणि मच्छीमारांना न विचारता वरून अभयारण्याची रेघ मारली की ते विरोध करणारच, मला तरी त्यात त्यांची चूक वाटत नाही. होडीवाल्या काकांना नांगराचं बोललो तर म्हणाले, "बोये (होडी बांधायचे तरंगते गोळे) घाला मगे, नांगर टाकूची हौस आसा काय आमका?"