अंबाडा हेल्मेटमध्ये मावत नाही

माझे केस सुटले की कमरेखाली जातात. ते कानाच्या वर, मानेवर मशीन फिरवून, अगदी बारीक कापायचे की नाही, यावर दिवाळीपासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खल चालू आहे. ग्रुपातली मंडळी सांगली, पुणे, ठाणे अशी विखुरलेली, आणि मी एकटी म्युनिकमध्ये. आतापर्यंत आलेली मतं अशी. आई म्हणते, "लग्नानंतर बघू." (लग्न माझं नाही, भाचीचं, वैशाखात.) ताई म्हणते, "वय झालं की केस आपोआपच जातात, तुला कसली घाई?" धाकटे काका म्हणतात, "तिकडे राहून तिकडच्यासारखीच होणार ती." जिचं लग्न आहे त्या भाचीने नुसतं हसणारं तोंड पाठवलंय. तिने स्वतः डोक्याची एक बाजू मशीनने उडवून घेतली आहे, पण ते पुण्यात केलंय, त्यामुळे ते 'तिकडचं' ठरत नाही.

काकांना वाटतं तसं इथे केस कापून कुणी फॉरवर्ड होत नाही. बव्हेरियात पन्नाशी-साठीच्या बायकांमध्ये बारीक केस इतके सर्रास दिसतात की पोरीबाळींना ती आजीबाईंची फॅशन वाटते. माझ्या ऑफिसातली पंचविशीची पोरगी वेणी हातात धरून म्हणाली, "एवढे केस असताना माझ्या आजीसारखे कापणार तू?" म्हणजे जे सांगलीत केलं तर मी हाताबाहेर गेले, तेच इथे केलं तर मी रिटायर झाले.

इथलंही सगळं पहिल्यापासून सुरळीत नव्हतं म्हणा. पहिल्या महायुद्धानंतर, १९२०च्या दशकात, जर्मन बायकांनी बुबिकोप्फ नावाचा मानेपर्यंतचा कट करून घ्यायला सुरुवात केली तेव्हा बायका पुरुष व्हायला निघाल्या म्हणून केवढा गहजब झाला होता. पुढे नाझींनी डोक्याभोवती वेण्या गुंडाळलेली, कडेवर पोर घेतलेली आदर्श माता पोस्टरवर आणून बसवली. ज्यांना बायकांना घरात बसवायचं असतं त्यांचं लक्ष आधी डोक्याकडे जातं, हे दोन्हीकडचं सारखंच.

आता मला कापायचे का आहेत ते सांगते, कारण ते इतकं साधं आहे की ग्रुपवर कुणी त्यावर विश्वास ठेवत नाही. मी सायकलने ऑफिसला जाते आणि अंबाडा हेल्मेटमध्ये मावत नाही. वेणी घालून हेल्मेट चढवलं तर वेणी जॅकेटच्या कॉलरवर घासून तिचा झाडू होतो. सांगलीत रविवारी शिकेकाईने न्हायचं, पंचा गुंडाळायचा आणि गच्चीवर उन्हाला पाठ करून बसायचं, अर्ध्या तासात काम तमाम. इथे नोव्हेंबर ते मार्च उन्हाचं दर्शन दुर्लभ. ड्रायरखाली एवढे केस वाळवायला पाऊण तास लागतो, आणि मुळाशी ओल राहिली की बाहेरच्या थंडीत कवटी ठणकते. म्युनिकचं पाणी जड आहे, किटलीत पांढरा थर धरतं आणि केस धुतल्यावर हाताला सुंभासारखे लागतात. इथल्या यच्चयावत भारतीय बायका केस गळण्याचं खापर या पाण्यावर फोडतात. मी फोडत नाही. दिवसाला पन्नास-शंभर केस कुणाचेही गळतात, लांब असले की बाथरूमच्या जाळीत गोळा होऊन डोळ्यांत भरतात, एवढंच. पण चाळिशीनंतर माझा भांग रुंद होत चाललाय, जड अंबाड्याने संध्याकाळी कपाळ ओढल्यासारखं होतं, आणि मला रोज सकाळी गुंता सोडवायचा कंटाळा आलाय.

कंटाळा हे कारण कुणालाच चालत नाही. आपल्याकडे बाईने केस उतरवायला मान्य कारणं ठरलेली आहेत. तिरुपतीला नवस बोललात, चालतं. मुंडण करून आलेल्या मावशींच्या पाया पडतात लोक. मग ते केस देवस्थान लिलावात विकतं, आणि त्यातले कितीतरी युरोपातल्या बायकांच्या डोक्यावर एक्स्टेन्शन म्हणून चढतात. टायफॉइड झाला, चालतं. कॅन्सरच्या रुग्णांना विग करायला दान दिलेत, तर चालतंच, वर फोटोही येतो. ताईने मला तोच मार्ग सुचवला, "दान कर म्हणजे कुणी काही बोलणार नाही." दान मी करणारच आहे, शेपटा फेकून थोडाच देणार? पण ते कापण्याचं कारण म्हणून मिरवायला मला जमणार नाही. इथेही कारण विचारतातच, फक्त वेगळं. शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? बाईने केस कापले म्हणजे नवरा सोडला किंवा नवा मिळाला, असा इथला समज. नवरा मागेच कचऱ्याची पिशवी घेऊन उभा होता.

आणि पैसे. आमच्या गल्लीतल्या सलूनच्या काचेवर पुरुषांचा कट ३२ युरो आणि बायकांचा ५८ असं ठळक लिहिलंय. मी आत जाऊन विचारलं, मला हवाय तो कट माझ्या नवऱ्यासारखाच आहे, मशीन आणि कात्री, मग ३२ का नाही? उत्तर मिळालं, बायकांचा म्हणजे बायकांचा. २०१७ साली इथल्या सरकारच्या भेदभावविरोधी कार्यालयाने याचा अभ्यास करून घेतला, तेव्हा तशाच बारीक कटसाठी बाईला सरासरी साडेबारा युरो जास्त मोजावे लागतात असं निघालं. काही सलूनवाल्यांनी त्यानंतर बारीक, मध्यम, लांब असे दर लावले, बहुतेकांनी नाही. स्टेशनमागच्या एका स्वस्त बार्बरशॉपमध्ये गेले तर तिथल्या पोराने दारातच अदबीने सांगितलं, फक्त पुरुष. म्हणजे ज्या देशात माझ्या केसांत कुणी नाक खुपसत नाही असं मी ग्रुपवर अभिमानाने सांगते, तिथे दुकानाच्या काचेवर माझी जात आधी बघतात आणि केस मग. (सोमवारी बरीचशी सलून इथेही बंद आणि सांगलीतही, हा एक योगायोग मात्र मला मजेशीर वाटतो. माझ्या आजीचं 'सोमवारी केस कापू नयेत' इथेही पाळलं जातं.)

तरी तोलून बघितलं तर इथली बेफिकिरी मला हवीशी वाटते, हे लपवण्यात अर्थ नाही. ट्रामवर कुणी वळून बघत नाही. पण या बेफिकिरीला काही माहीतही नसतं. आईच्या 'लग्नानंतर बघू'मागे काय आहे ते माझ्या ऑफिसातल्या पोरीला कळणं शक्य नाही, आणि खरं सांगायचं तर परदेशात बसून 'अजून तिथेच आहात का तुम्ही लोक' म्हणणाऱ्या आमच्यासारख्यांनाही ते कळून घ्यायची गरज वाटत नाही.

आईच्या आजोळी एक आत्या होत्या, बालविधवा. आईने त्यांना पाहिलं ते त्यांच्या म्हातारपणी, पन्नासच्या दशकात: विधवांचं लाल आलवण नेसलेल्या, डोक्यावरचा पदर कधी न ढळणाऱ्या. दर पंधरवड्याला न्हावी मागच्या पडवीत यायचा. पोरांना तिकडे जायला बंदी. आई एकदा दाराच्या फटीतून बघत होती. आत्या पाटावर बसल्या होत्या, पुढ्यात पितळी वाटीत पाणी, आणि न्हाव्याने वस्तरा लावण्याआधी त्यांनी स्वतःच पदर मागे सारला. आईला बाकी काही आठवत नाही, तो हात आठवतो. बाईचं भुंडं डोकं म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे बॉयकटवाली मंदिरा बेदी येत नाही, त्या आत्या येतात. अशा बाईला तू मागासलेली आहेस म्हणण्याचा अधिकार मला कुठून आला?

मराठी मुलखात बाईच्या केसांवरून झालेला खरा वाद लांब-आखूडचा नव्हताच. १८९० साली मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं. पोथीशास्त्राचा कीस पाडणारे पाडत राहिले आणि ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. शाळेत आम्हाला आगरकर शिकवले, कर्वे शिकवले, ते योग्यच. पण हे न्हावी मला कुठल्याच धड्यात भेटले नाहीत. आगरकर लिहून पटवत होते, या लोकांनी आपल्या रोजीवर पाणी सोडलं. मला तरी दुसरं जास्त अवघड वाटतं.

आणि हे सगळं इतिहासजमा झालंय असंही नाही. २०२२ हे एकच वर्ष घ्या. मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी आणि मंगळसूत्र काढणं बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारने बाकी गावांना तो कित्ता गिरवायला सांगितला. हेरवाड आमच्या सांगलीपासून फार लांब नाही. आईने कात्रण काढून ठेवलंय. सप्टेंबरात इराणमध्ये महसा अमिनी ही तरुणी हिजाबवरून पोलिसांच्या ताब्यात असताना मेली, आणि तिथल्या बायकांनी भर रस्त्यात केस कापले. ऑक्टोबरात त्यांच्यासाठी बर्लिनमध्ये ऐंशी हजारांचा मोर्चा निघाला. आणि नोव्हेंबरात मंत्रालयात प्रश्न विचारणाऱ्या महिला पत्रकाराला एका बुजुर्ग पुढाऱ्याने आधी टिकली लाव, मग बोलतो, असं सुनावलं. त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर टिकलीवरून जे रण माजलं, त्यात टिकलीची बाजू घेणारे निम्मे पुरुष होते. त्यांच्यापैकी एकाच्याही डोक्यावर शेंडी नाही.

शेंडीचं मला खरोखर कुतूहल आहे. आमच्या पणजोबांच्या फोटोत घेरा आणि शेंडी आहे. आजोबांच्या फोटोत तेल लावून चापून बसवलेला भांग. मधल्या पंचवीस-तीस वर्षांत घराण्यातल्या तमाम पुरुषांची डोकी बदलली. शेंडी ठेवावी की काढावी यावर त्या काळी वाद झाले, घरोघरी रुसवेफुगवे झाले, आणि मग ते संपले. आज कुणी काकांना विचारत नाही की तुम्ही ब्रिटिशांसारखे केस का कापता. बाईची वेणी मात्र अजून संस्कृतीच्या खुंटीला बांधलेली.

बरं, तीसुद्धा सोयीप्रमाणे. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींना चौथीपर्यंत बॉयकट होता. आयांना सकाळी डबे करायचे असत, वेण्या घालायला वेळ नसे, आणि उवा झाल्या की रॉकेल चोळण्यापेक्षा कात्री बरी. तेव्हा कुणाची संस्कृती बुडाली नाही. पाचवी-सहावीत 'आता मोठी झालीस' म्हणून केस वाढवायला लावले, त्याच जूनमध्ये लाल रिबिनी आणल्या. केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतात, त्यामुळे दहावीपर्यंत शेपटा तयार. माझे केस लांब असावेत हे माझ्या वतीने कुणी ठरवलं हे मला आठवत नाही. कापायचं ठरवायला मात्र अख्खा ग्रुप लागतो.

सगळ्यात कडक विरोध मात्र सांगलीतून आलेला नाही, इथूनच आला. गणपतीत आमच्या मराठी मंडळाच्या ढोल-लेझीम पथकात नऊवारी, नथ, खोपा असा बायकांचा वेश असतो. पंचवीस वर्षांपूर्वी इथे आलेल्या एक ताई, अतिशय मायाळू, माझ्या पोरांना त्यांनी मोदक खायला घालून वाढवलंय, त्या म्हणाल्या, "तू कापलेस तर पथकात शोभणार नाहीस गं. आपल्या मुलींनी कुणाकडे बघायचं?" त्यांनी देश सोडला तेव्हाचा महाराष्ट्र त्यांनी लोणच्यासारखा बरणीत घालून दडपून ठेवलाय; तिकडे पुण्यात त्यांचीच भाचरं डोकी निळी करून फिरतात. त्यांना मी काही बोलले नाही. पथकात यंदा ताशा मागेन. ताशेवालीच्या डोक्यावर फेटा असतो.

गेल्या रविवारी आईशी व्हिडिओ कॉलवर बोलले. ग्रुपवर नाही, दोघीच. त्या आत्यांचा विषय मीच काढला. म्हटलं, आई, त्यांना कुणी विचारलं नव्हतं, मी तुला विचारतेय, आणि तू नको म्हणालीस तरी बहुतेक कापणार आहे. ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "मग विचारतेस कशाला?" आणि थोड्या वेळाने, "मशीन नको फिरवायला सांगू. कात्रीने काप." एवढी तडजोड मला मान्य आहे. कात्रीने बारीक केलं तर मानेवर दोन बोटं केस राहतील आणि दर महिना-दीड महिन्याने सलूनची पायरी चढावी लागेल. त्या ५८ युरोंचं काय करायचं ते मी त्या सलूनवाल्या बाईशी पुन्हा भांडून बघणार आहे.

गुरुवारची वेळ घेतली आहे. म्हणजे वैशाखातल्या लग्नाला मी बारीक केसांनी जाणार, हे ग्रुपवर जाहीर केलं. गंगावन लावू म्हणून ताईने सुचवलं, पण ते अडकवायला खाली चार केस लागतात. नऊवारीला माझी ना नाही, नथीलाही नाही. गजरा कुठे माळणार, हा आईचा प्रश्न राहिला होता. मी म्हटलं, मनगटाला बांधते. आईचं उत्तर लगेच आलं, "मनगटाला गजरा बांधून तमाशाला बसतात. लग्नाला नव्हे."