रिव्ह्यूला उत्तर : "सख्ख्या भावाला खोलीतून हाकलून दिलं"

नमस्कार दादा, तुम्हाला मनस्ताप झाला त्याबद्दल सॉरी. आमच्या व्यसनमुक्ती केंद्राला एक स्टार दिलात, तोही मान्य, पण "भाषा येत नाही आणि वर सख्ख्या भावाला हाकलून देतात" हे वाचून खरंच वाईट वाटलं, कारण हाकललं नाही, बाहेर बसा म्हटलं, आणि का ते तेव्हाच सांगितलं होतं.

पेशंटबद्दल इथे काहीच लिहिणार नाही, फक्त पद्धत सांगतो. दारू बंद केली की शेवटच्या घोटानंतर साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते, म्हणून शेवटची कधी घेतली, रोज किती, सोबत झोपेच्या गोळ्या आहेत का, हे डॉक्टरला खरं खरं कळायला लागतं, औषधाचा डोस त्यावरच ठरतो. आता भावासमोर किंवा बायकोसमोर कोण खरं सांगतो हो? पेशंट त्याच्या भाषेत एवढं मोठं काहीतरी बोलतो आणि मधे भाषांतर करणारे नातेवाईक आम्हाला सांगतात, "काल थोडीशी घेतली." विथड्रॉवल, म्हणजे दारू बंद केल्यावर होणारा त्रास, तपासायचे 10 मुद्दे असतात, हाताची थरथर आणि घाम दिसतो, पण अंगावर मुंग्या फिरतात का, आवाज ऐकू येतात का हे विचारावंच लागतं. आज वार कोणता हा त्यातलाच प्रश्न, पेशंट भानावर आहे का बघायला. त्याचं उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत दादा! मग सिस्टरनी तुम्हाला बाहेर बसायला सांगितलं तर त्यांचं काय चुकलं?

फोनवरचा दुभाषी "कुठला कोण परका माणूस" असं लिहिलंत, तर तो मुद्दाम परकाच घेतो. परमुलखात एका भाषेची माणसं थोडी, सगळे एकमेकांना ओळखतात, त्यातलाच कोणी समोर बसवला तर गोष्ट घरी पोचेल या भीतीने पेशंट तोंडच उघडत नाही, हे आम्ही खूप वेळा बघितलंय.

राहिला ग्रुपचा, म्हणजे सगळ्या पेशंटना एकत्र बसवून होणाऱ्या काउन्सेलिंगचा मुद्दा. ग्रुप आमच्याच भाषेत चालतो, त्यात पेशंटला नुसतं बसून राहावं लागलं हे खरंय. पण फोनवर तुम्ही फक्त "त्यांच्या भाषेची सोय आहे का" एवढंच विचारलंत, आम्ही हो म्हणालो कारण अॅडमिशन आणि एकट्याच्या काउन्सेलिंगला आहे. ग्रुपला आहे का, रात्री काही झालं तर आहे का, घरी गेल्यावर फॉलोअपला आहे का, हे विचारलं असतं तर कुठे आहे कुठे नाही ते स्पष्ट सांगितलं असतं, लपवायचं काय त्यात. बाकी वेबसाइटवर "सर्व भाषांची सोय" लिहिलंय ते जरा नीट करून घेतो, ग्रुपचंही काहीतरी बघतोय.

फॉलोअपला मात्र त्यांना नक्की पाठवा, दुभाषी आधी सांगून ठेवतो, शक्यतो तोच. आणि आजकाल फोन करणारे आधी तुमचाच रिव्ह्यू वाचून दाखवतात, त्यामुळे जमलं तर ते "हाकलून दिलं" तेवढं बदला.