'गाइज अँड डॉल्स' ब्रँडोने बिघडवला नाही

जुन्या हॉलिवूडच्या संगीतिकांवर बोलणं निघालं की एक मत हमखास पुढे केलं जातं. 1955 सालचा 'गाइज अँड डॉल्स' हा नटांची निवड चुकल्यामुळे वाया गेलेला चित्रपट आहे, असं ते मत. मार्लन ब्रँडोला गाता येत नव्हतं, तरी नायकाची गाणी त्याच्या गळ्यात मारली. त्या काळातला सर्वांत मोठा गायक फ्रँक सिनात्रा शेजारी उभा असताना त्याला दुय्यम भूमिका दिली. दोघांची अदलाबदल केली असती तर चित्रपट तरला असता. शिवाय माणसं पुस्तकी बोलतात, रस्ते पुठ्ठ्याचे दिसतात, गुंडांना गोंडस करून टाकलंय, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगमंचावरच्या मूळ नाटकातली उत्तम गाणी कापलीत, आणि म्हणूनच तो पडला.

हे मत इतक्या वेळा आणि इतक्या खात्रीने सांगितलं गेलंय की चित्रपट न पाहिलेली माणसंही ते सांगतात. मी तो अनेकदा पाहिलाय. यातला एक आरोप खरा आहे, एक अर्धा खरा आहे, आणि बाकीचे नीट तपासले तर टिकत नाहीत.

सोपा आरोप आधी. चित्रपट पडला नाही. 'व्हरायटी' या व्यवसाय-पत्राच्या हिशेबानुसार 1956 साली अमेरिकेत सर्वांत जास्त कमाई करणारा चित्रपट हाच होता. गोल्डन ग्लोबमध्ये संगीतिका-विनोदी गटातला सर्वोत्तम चित्रपट ठरला, जीन सिमन्सला त्याच गटात अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला आणि ऑस्करसाठी चार नामांकनं झाली. निर्माते सॅम्युएल गोल्डविन यांनी नुसत्या हक्कांसाठी दहा लाख डॉलर मोजले होते. तेव्हा ही रक्कम अफाट होती, आणि ती वाया गेली नाही. चालला म्हणजे चांगलाच असतो असं मी म्हणत नाही. पण 'म्हणूनच पडला' हे वाक्य तरी यापुढे कोणी वापरू नये.

आता ब्रँडो. इथे मला थोडं थांबायचंय, कारण सगळ्या मताचा पाया हाच आहे.

त्याला गायकाचा गळा नव्हता, हे खरं. गाणी अनेक टेक घेऊन, तुकडे जोडून तयार करावी लागली, हे त्याने स्वतःच नंतर सांगितलंय. पण त्या काळात हॉलिवूडमध्ये नटाला दुसऱ्याचा आवाज देणं अगदी सर्रास चालायचं. आपण तर पार्श्वगायनावरच वाढलेली माणसं. गोल्डविनना कुणाचाही तयार आवाज विकत घेता आला असता. दिग्दर्शक जोसेफ मँकीविट्झ आणि गोल्डविन यांनी तसं केलं नाही. ब्रँडो आणि जीन सिमन्स, दोघांनाही त्यांनी स्वतःच्याच आवाजात गायला लावलं. हे अज्ञानातून झालं नव्हतं, विचार करून घेतलेला निर्णय होता. तो बरोबर होता का, एवढाच प्रश्न उरतो.

माझ्या मते बरोबर होता, आणि त्याचा पुरावा म्हणजे सगळे ज्या गाण्यावर बोट ठेवतात तेच 'लक बी अ लेडी'. प्रसंग आठवा. न्यूयॉर्कच्या रस्त्याखालच्या गटारात फाशांचा डाव मांडलाय. ब्रँडोने केलेला स्काय मास्टरसन हा मोठाल्या पैजा लावणारा जुगारी. सारा ब्राउन (जीन सिमन्स) नावाच्या, पाप्यांना धर्माकडे वळवणाऱ्या मिशनवाल्या बाईला त्याने बारा पापी माणसं प्रार्थनेला आणून देण्याचा शब्द दिलाय, कारण माणसं आली नाहीत तर तिचं मिशन बंद पडणार आहे. आता तो जमलेल्या प्रत्येक जुगाऱ्याशी पैज लावतो: मी हरलो तर प्रत्येकाला हजार डॉलर, मी जिंकलो तर तुम्ही सगळे मिशनमध्ये यायचं. पैशाविरुद्ध आत्मा! आयुष्यभर नशिबाचा हिशेब घालत आलेल्या या माणसाला पहिल्यांदाच हरण्याची भीती वाटतेय, कारण या खेपेला हरलं तर नुसते पैसे जाणार नाहीत, सारा जाणार. आणि तो नशिबापुढे गयावया करतो की बाई, आज तरी सभ्यपणे वाग, मला सोडून दुसऱ्याचे फासे फुंकू नकोस.

हे गाणं म्हणजे विनवणी आहे. ब्रँडोचा आवाज त्यात आवळलेला येतो, वरच्या सुरांना जेमतेम पोचतो, आणि चेहऱ्यावर जबडा घट्ट मिटलेला असतो. भ्यालेला माणूस असाच गातो.

मग आपल्या कानाला ते चुकीचं का वाटतं? कारण आपल्यापैकी बहुतेकांनी हे गाणं आधी सिनात्राच्या आवाजात ऐकलेलं असतं. चित्रपटात ते त्याच्या वाट्याला आलं नाही, पण 1960च्या दशकात त्याने ते रेकॉर्ड केलं, मैफिलींत गाजवलं, आणि पुढे ते त्याचंच होऊन बसलं. माझंही तसंच झालं होतं. रेकॉर्ड आधी, चित्रपट नंतर, आणि पहिल्यांदा पाहताना ब्रँडो मला कच्चा वाटला. सिनात्राची ती रेकॉर्ड अप्रतिम आहे, त्यात वादच नाही. पण ती नीट ऐका. त्यातला माणूस हरणार नाही हे त्याला आधीच माहीत आहे. नशीब त्याच्या खिशात आहे. तो गटारात उभा नाही, झगमगत्या क्लबात दिव्यांखाली उभा आहे. गाणं म्हणून ते सरस आहेच, पण या प्रसंगात ते बसत नाही.

मराठी संगीत नाटक पाहिलेल्या माणसाला हा फरक वेगळा समजावून सांगायला नको. पद सुरू झालं की पात्र बाजूला होतं आणि गवई पुढे येतो, वन्स मोअर घेतले जातात, आणि प्रसंग तिथेच ताटकळत राहतो. ती मजा मी नाकारत नाही, ती मी भरपूर उपभोगलेली आहे. पण मँकीविट्झला तो सौदा नको होता. त्याला पात्र हवं होतं.

आणि नुसत्या बोलण्यात ब्रँडोची लय बघा. फाशांच्या जुगाराचा अड्डा चालवणारा नेथन डेट्रॉइट (ही सिनात्राची भूमिका) त्याला पैजेत अडकवू बघतो: मिंडीच्या हॉटेलात काल चीजकेक जास्त खपला की स्ट्रूडल? उत्तरादाखल स्काय वडिलांनी केलेला उपदेश सांगतो. एक दिवस एक माणूस कोरा करकरीत पत्त्यांचा जोड घेऊन येईल आणि पैज लावेल की यातला इस्पिकचा गुलाम उडी मारून बाहेर येईल आणि तुझ्या कानात सायडरची पिचकारी मारेल. पोरा, ती पैज घेऊ नकोस, कारण घेतलीस तर कान सायडरने भरलेला घेऊनच घरी जाशील. ब्रँडो हे इतक्या शांतपणे, एकेक शब्द जागेवर ठेवत म्हणतो की त्याला लयीचं अंग नाही असं म्हणणाऱ्याने हा एक प्रसंग पुन्हा लावून पाहावा. तसंच हवानाचं दृश्य. सारा नारळातून गोड दूध पितेय, आणि त्यातली बकार्डी रम म्हणजे दूध टिकावं म्हणून घातलेला पदार्थ आहे असं तो तिला गंभीरपणे पटवतो. तिला ती चढत जाते, मग सारा गाते. सिमन्सचाही गळा गायिकेचा नाही. आणि त्या गाण्यातली तिची झिंग चित्रपटातल्या कुठल्याही तयार सुरापेक्षा खरी आहे.

अदलाबदलीचा आरोप मात्र अर्धा खरा आहे. निवड एका जागी खरंच चुकली; पण ज्या नटावर बोट ठेवलं जातं त्याच्या बाबतीत नाही.

1950 साली ब्रॉडवेवर हे नाटक आलं आणि त्याचे 1200 प्रयोग झाले. तेव्हा नेथनची भूमिका सॅम लेव्हीनने केली. लेव्हीन नट म्हणून फर्मास होता, पण सुराशी त्याचं वैर होतं. संगीतकार-गीतकार फ्रँक लेसर यांनी हे ओळखून नेथनला खरं म्हणजे एकच गाणं ठेवलं, 'सू मी', आणि तेही असं रचलं की सुरुवातीच्या स्वरांच्या पायऱ्या चढत चढत त्याला सूर सापडावा. म्हणजे ज्या नाटकाच्या नावाने ब्रँडोला गाता येत नाही म्हणून झोडपलं जातं, त्या नाटकातली एक मुख्य भूमिका मुळातच गाता न येणाऱ्या माणसासाठी बेतलेली होती! नेथन हा अड्ड्यासाठी जागा शोधत घामाघूम झालेला, चौदा वर्षं अ‍ॅडलेड नावाच्या बाईशी साखरपुडा लांबवत आलेला, सदा कानकोंडा माणूस. या भूमिकेत गोड गळ्याचा, आरामात उभा राहणारा सिनात्रा आला आणि नेथनची घालमेलच गेली. त्याने नेथनला मधाळ गायलेलं लेसर यांना रुचलं नव्हतं. सिनात्रासाठी त्यांनी 'अ‍ॅडलेड' हे नवं गाणं लिहून दिलं, पण ते चित्रपटातलं सर्वांत फिकं गाणं आहे.

सिनात्राला स्काय हवा होता, हे सर्वश्रुत आहे. गोल्डविनच्या मनात त्यासाठी आधी जीन केली होता, पण एमजीएम स्टुडिओने त्याला सोडलं नाही. सिनात्रा ब्रँडोला 'मम्बल्स', म्हणजे पुटपुट्या, म्हणायचा. ब्रँडोने मुद्दाम टेक बिघडवून त्याला चीजकेकचे घासावर घास खायला लावले, अशीही गोष्ट सांगतात. ते किस्से चवीने सांगितले जातात, पण पडद्यावर जे दिसतं त्याचा निवाडा किश्श्यांनी होत नाही. अदलाबदल केली असती तर भ्यालेला स्काय गेला असता, आणि नेथनचा प्रश्न ब्रँडोने सुटला असता असं मला तरी वाटत नाही. चूक दुरुस्त करायची तर लेव्हीनलाच घ्यायला हवं होतं. अ‍ॅडलेडच्या भूमिकेत व्हिव्हियन ब्लेन आणि नाइसली-नाइसली या जुगाऱ्याच्या भूमिकेत स्टबी के हे मूळ प्रयोगातले कलाकार घेतलेच होते ना! लग्न लांबल्यामुळे सर्दी जडलेल्या बाईचं ब्लेनने गायलेलं गाऱ्हाणं आणि के यांचं मिशनमधलं गाणं हे या चित्रपटाचे दोन कळस आहेत.

'पुस्तकी संवाद' हा आरोप मला सगळ्यांत जास्त टोचतो, कारण त्यात मूळ लेखकाची ओळखच नाही. कथा डेमन रनियन यांच्या. ते वार्ताहर होते, ब्रॉडवेवरचे जुगारी आणि टोळीवाले रोज जवळून बघत होते. त्यांच्या कथांतली ही माणसं जवळजवळ सतत वर्तमानकाळात बोलतात आणि इंग्रजी बोलण्यात होते ती शब्दांची काटछाट करत नाहीत. प्रत्येक शब्द पूर्ण, सभ्य, वाकून नमस्कार केल्यासारखा, आणि मधूनच गल्लीतला एक शब्द. एखादा मटकेवाला "मी आपल्या निदर्शनास आणू इच्छितो की आपण माझे पैसे बुडवले आहेत" असं म्हणतोय, अशी कल्पना करा. विनोद तिथेच आहे. नेथनच्या अड्ड्याचं बिरुद घ्या: न्यूयॉर्कमधला सर्वांत जुना, प्रस्थापित, कायमस्वरूपी, फिरता अड्डा. कायमस्वरूपी आणि फिरता! ही माणसं चारचौघांसारखं बोलू लागली असती तर रनियन उरले नसते.

पुठ्ठ्याच्या रस्त्यांबद्दलही तसंच. नाटकाचं उपशीर्षकच 'ब्रॉडवेची एक सांगीतिक दंतकथा' असं आहे. खऱ्या टाइम्स स्क्वेअरवर खऱ्या गर्दीत नृत्यदिग्दर्शक मायकेल किडच्या नाचातले जुगारी नुसते वेडे दिसले असते. नेपथ्यकार ऑलिव्हर स्मिथच्या रंगवलेल्या शहरात ते तिथलेच नागरिक वाटतात.

गुंडांना गोंडस केलं, या आरोपातली कळकळ मला कळते. चित्रपटात कुणी मरत नाही, शेवटी दोन लग्नं लागतात. पण यातले बहुतेक जण जुगारी आहेत. खरा गुंड म्हणावा असा शिकागोहून आलेला बिग ज्यूल, आणि त्याचं काय केलंय बघा. तो हरायला लागतो तेव्हा स्वतःचे फासे काढतो. त्यांच्यावर ठिपकेच नाहीत. ठिपके कुठे होते ते मला आठवतं, असं तो सांगतो. त्याच्याजवळ पिस्तूल आहे. तो फासे टाकतो, स्वतःच आकडा जाहीर करतो, आणि नेथन मुकाट्याने पैसे देतो. दहशत म्हणजे काय, याचं इतकं नेमकं चित्र मी गोळीबाराने भरलेल्या चित्रपटांतही फार थोड्या वेळा पाहिलंय. आणि गाणारा चोर म्हणजे निरुपद्रवी चोर नव्हे, हे पु. ल. देशपांड्यांचा 'तीन पैशाचा तमाशा' पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला तरी 1978 पासून ठाऊक आहे.

राहिली कापलेली गाणी. हा आरोप खरा आहे आणि मी तो मान्य करतो. अडीच तासांच्या चित्रपटात, ज्याचा मधला भाग तसाही रेंगाळतो, पाच गाण्यांना जागा मिळू नये हे वाईट झालं. 'अ बुशेल अँड अ पेक'च्या जागी आलेलं नवं गाणं त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पण मला सर्वांत जास्त सलतं ते 'माय टाइम ऑफ डे' गेल्याचं. रंगमंचावर ते हवानाहून परतल्यावर येतं. पहाटेपूर्वीची वेळ, रिकामा रस्ता, आणि स्काय साराला सांगतो की दिवसातला माझा प्रहर हाच. अगदी छोटं गाणं, बांधीव चालीपासून सतत निसटणारं, अर्धं बोलल्यासारखं. ते संपतं आणि तो तिला आजवर कुणालाच न सांगितलेलं आपलं खरं नाव सांगतो. त्या गाण्याला मोठा गळा लागत नाही. रात्रभर जागलेल्या माणसाचा, थोडा बसका, जवळून बोलणारा आवाज लागतो. तो आवाज सेटवर हजर होता, आणि गाणंच काढून टाकलं.